गारवा हवेत नव्हे, भिंतीत साठतो
रात्रीच्या हवेने घर थंड ठेवायचे म्हणजे ती हवा आत कोंडायची, असा समज आहे. प्रत्यक्षात गारवा साठतो तो भिंती आणि जमिनीत. हवेच्या तुलनेत तेवढ्याच आकारमानाची माती किंवा वीट हजारपटीहून अधिक उष्णता धरते. हे औष्णिक वस्तुमान (जड बांधकामाची उष्णता साठवण्याची क्षमता). जाड तवा चुलीवरून उतरवल्यावरही बराच वेळ तापलेला असतो; इथे फक्त उलट.

गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी पारा साधारण 42 अंश, पहाटे 28च्या आसपास. म्हणून खिडक्या रात्री सताड उघड्या, ऊन चढण्याआधी बंद. दिवसभर हवा खेळती ठेवली की झळा भिंती तापवतात. पत्र्याच्या खोलीला हे साधत नाही, तिथे साठवायला जड काही नसतेच. पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक घटतो, तेव्हाही उपयोग थोडाच.