पाहुणीचं पिठलं

परदेशी पदार्थ घरी करायचा म्हटलं की आपली गाडी पास्ता, नूडल्स, फार तर टॅको इथपर्यंत जाऊन थांबते. मी आज तुम्हाला जरा आडवाटेला नेणार आहे, इथिओपियात. त्याला निमित्त झालं ते आमच्या घरातलं पिठलं.

पुण्याला शिकायला आलेली एक इथिओपियन मुलगी आमच्या इमारतीत राहायची. एकदा तिला रात्री जेवायला बोलावलं. स्वयंपाक साधाच होता, पिठलं, भाकरी, ठेचा आणि कांदा. ‘पाहुण्याला कुणी पिठलं वाढतं का?’ म्हणून सासूबाई कुरकुरल्याच. मुलीनं पहिला घास घेतला, थांबली आणि म्हणाली, ‘आंटी, शिरो!’ मला वाटलं, ही शिरा मागतेय. पण ती बोट दाखवत होती पिठल्याकडे.

शिरो म्हणजे हरभऱ्याचं, वाटाण्याचं किंवा बाकल्याचं मसालेदार पीठ आणि त्याची घट्टसर आमटी. कांदा परतायचा, लसूण घालायची, पाणी उकळलं की पीठ भुरभुरवत ढवळत राहायचं. इथवर सगळं आपल्यासारखंच. फरक दोन. एक म्हणजे भरपूर कांदा बारीक चिरून आधी तेलाशिवाय, नुसता मंद आचेवर परततात आणि त्याचं पाणी आटलं की मग तेल घालतात. आपल्याला सवय नाही, हात तेलाच्या बरणीकडे जातोच. पण धीर धरा, रश्शाला दाटपणा त्यामुळेच येतो. दुसरा फरक ‘बर्बेरे’ मसाल्याचा. त्यात लाल मिरचीबरोबर मेथी, ओवा, धने, आलं, लसूण, लवंग, दालचिनी आणि तिकडची मोठी वेलची असते. आपल्या घरातल्या डब्यांतून तो नव्वद टक्के जमतो. शिरो बेसनाच्या पिठल्यापेक्षा बराच जास्त वेळ, तेल सुटेपर्यंत रटरटू द्यायचा.

गंमत म्हणजे हे तिकडचं उपवासाचं अन्न. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बहुतेक वर्षभर बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरआधी ५५ दिवस मांस, अंडी, दूध, तूप काहीच खात नाहीत. मग डाळी, भाज्या आणि शिरो. उपवासाला पिठलं चालतं हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

आता खरी परीक्षा, ती ‘इंजेरा’ची. आपल्या आंबोळीची ही थोरली बहीण. टेफ नावाच्या, खसखशीएवढ्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून ती करतात. मातीच्या भल्यामोठ्या तव्यावर कडेपासून आत गोल गोल पीठ सोडायचं, झाकण ठेवायचं आणि एकाच बाजूनं भाजायचं. वर असंख्य छिद्रं पडली पाहिजेत. त्यांना ते लोक ‘डोळे’ म्हणतात. डोळे नाहीत ती इंजेरा आंधळी, असंच म्हणा ना!

टेफ आपल्या वाण्याकडे मिळत नाही. आम्ही नाचणी घेतली, आणि ती तडजोड वाटली तरी निव्वळ तडजोड नव्हती. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेली. इथिओपियात तिला ‘दागुसा’ म्हणतात. आपण जिला कोकणची, घाटावरची म्हणतो तिचं माहेर तिकडचं. मलिक अंबरही तिकडचाच. गुलाम म्हणून विकला जात जात तो निजामशाहीत पोहोचला, आणि १६१० साली त्यानं खडकी वसवली. ‘हबशी’ हा शब्दही ‘हबश’ या तिकडच्या मुलखाच्या नावावरूनच आलेला.

पहिला घाणा साफ फसला. दोन वाट्या नाचणीचं पीठ आणि एक वाटी कणीक कालवून दोन दिवस ठेवली. वास आंबूस आला, बुडबुडे आले, पण तव्यावर मात्र चामड्यासारखा सपाट पापुद्रा. मुलीनं फोनवर आईला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. आम्ही ‘अब्सित’ केलंच नव्हतं. आंबलेल्या पिठातलं पळीभर पीठ उकळत्या पाण्यात शिजवून त्याची खळ करायची, निववून परत पिठात मिसळायची आणि तास-दोन तास थांबायचं. टेफमध्ये किंवा नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. आंबताना निघणारा वायू धरून ठेवायला काहीतरी हवं, ते काम ही खळ करते. आपल्या आंबोळीत ते उडीद करतो. दुसऱ्या खेपेला डोळे उघडले. फार नाहीत, पण उघडले.

इंजेराला आपण सरसकट इथिओपियाचं राष्ट्रीय अन्न म्हणतो, ते मात्र पूर्ण खरं नाही. दक्षिणेकडच्या लाखो लोकांचं मुख्य अन्न आहे ‘एन्सेत’, म्हणजे केळीसारख्या दिसणाऱ्या झाडाचा कांदा आणि बुंधा आंबवून केलेली रोटी. ‘राष्ट्रीय’ हे बिरूद अनेकदा एखाद्या प्रांताच्या चुलीला मिळतं, बाकीच्या चुली मुकाट जळत राहतात.

आणि या अन्नाची मालकी? २००७ साली एका डच कंपनीला टेफच्या पिठावर युरोपात पेटंट मिळालं. ज्यांनी हे धान्य हजारो वर्षं जपलं त्यांचाच युरोपातला रस्ता त्यामुळे अडला. हेगच्या न्यायालयानं २०१८ साली नेदरलँड्सपुरतं ते रद्द ठरवलं. अमेरिकेतलं हळदीचं पेटंट १९९७ साली डॉ. माशेलकरांच्या पुढाकारानं रद्द झालं, तेव्हा आपल्याला किती हायसं वाटलं होतं आठवतंय? तसंच हे.

इंजेरा मोठ्या थाळीत पसरायची, तिच्यावरच शिरो वाढायचा आणि सगळ्यांनी एकाच थाळीत हातानं जेवायचं. त्यांच्यात ‘गुर्शा’ची रीत आहे. स्वतः बनवलेला घास शेजारच्याच्या तोंडात भरवायचा, नको म्हणायचं नाही. त्या दिवशी मुलीनं पहिला घास सासूबाईंना भरवला. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीला भरवायला लावतात तसा. त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, ‘तिखट जरा कमी चालेल गं.’

तुम्हाला करून बघायचं असेल तर एक सांगते. पीठ आंबल्यावर वर पिवळसर पाणी साचतं ते सगळं ओतून टाकू नका. वाटीभर बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. पुढच्या वेळी तेच विरजण.