नाताळचा गोठा: वसई आणि गोव्यातील हस्तकला

गव्हाणीतील बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि गुरे यांच्या देखाव्याची परंपरा इ.स. 1223 मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी साकारलेल्या प्रसंगापर्यंत मागे नेली जाते. पोर्तुगीज अंमलाबरोबर ती गोव्यात आणि 1739 पर्यंत पोर्तुगिजांकडे असलेल्या वसईत आली व स्थानिक कारागिरीत मिसळून गेली.

गोठा, म्हणजे हा देखावा, घरोघरी बांबू, पेंढा, माती आणि रंगवलेला कागद यांतून उभा राहतो. त्यातील कुरण मात्र अनेक घरी खरेखुरे असते, कारण नाताळापूर्वी काही दिवस उथळ भांड्यात नाचणी किंवा गहू पेरून उगवलेली कोवळी रोपे त्याभोवती मांडली जातात. वाचकाला येथे नवरात्रातील जवारे, म्हणजे देवीपुढे उगवलेले धान्य, सहज आठवतील. या कलेतील सर्वांत सुंदर भाग हे उगवलेले कुरणच आहे. गव्हाण मात्र 24 डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची रीत आहे.

गोव्यात याच दिवसांत कुस्वार, म्हणजे नेवऱ्या, दोदोल यांसारख्या गोड पदार्थांचे ताट, शेजारी हिंदू घरांतही पोहोचते, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आणि दिवाळीला तिकडून फराळ येतो. पुढे 6 जानेवारीला, पूर्वेकडील तीन ज्ञानी राजांच्या सणाला, कासावली, आरोशी आणि कुएली या गावांतील तीन मुलगे राजवेशात घोड्यांवरून कुएलीच्या टेकडीवरील चॅपेलकडे जातात.