बॉयलरमागचं पोतं

मेसच्या मागे, बॉयलरच्या भिंतीला लागून एक पोतं असायचं. आमच्या 'केटी'चं बाळंतपण तिथंच झालं. (दर सेमला परत येते म्हणून केटी. ज्यांची खरीखुरी राहिलीये त्यांनी मनावर घेऊ नये.) नोव्हेंबरात पाच पिल्लं झाली. डिसेंबरअखेर, आम्ही पीएलमध्ये रात्री जागत असताना, त्यातली चार चार दिवसांत गेली. उलट्या, रक्ताची जुलाब आणि असा वास की विचारू नका. मेसचं जेवण बाधलं असणार, असा आमचा निष्कर्ष. आपल्याला बाधतं तर त्यांना का नाही! जागा फिनेलनं धुतली, पोतं झटकून उन्हात टाकलं, विषय संपला.

फेब्रुवारीत गेटबाहेरच्या टपरीमागून दोन पिल्लं आणली आणि त्याच पोत्यावर ठेवली. वाडगाही तोच. आठव्या दिवशी दोघंही आडवी. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "यांना ठेवलं कुठं होतं?" आम्ही पोत्याचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. एकही वाचलं नाही.

रोगाचं नाव पार्व्हो. कुत्र्यांमध्ये तो 1978 च्या सुमारास पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून विषाणू प्रचंड संख्येनं बाहेर पडतात आणि दुसऱ्या पिल्लाच्या तोंडावाटे पोटात जातात. त्यासाठी दोन कुत्र्यांची गाठ पडायलाच हवी असं नाही. माती, वाडगं, पोतं, आपल्या चपलांचे तळ, काहीही चालतं.

आता फिनेलचं काय चुकलं? 2020 मध्ये सगळ्यांनी ऐकलंय की कोरोनाच्या विषाणूला चरबीचं वेष्टण असतं, साबण ते फोडतो आणि विषाणू निकामी होतो. पार्व्होला ते वेष्टणच नाही. नुसतं प्रोटीनचं टणक कवच. त्यामुळे साबण आणि फिनेल त्याचं फारसं काही करू शकत नाहीत. सावलीतल्या ओलसर मातीत तो महिनोन् महिने, कधी वर्षभरही टिकतो. चालतं ते ब्लीच: एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आधी घाण खरवडून धुऊन घ्यायची आणि मग फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची. मातीवर मात्र ब्लीचचाही फारसा उपयोग नाही. पोतं तर सरळ जाळायला हवं होतं.

डिस्टेंपर याच्या उलट. त्याला वेष्टण असतं, बाहेर तो लवकर मरतो. पण शिंकेतून, नाकातल्या स्रावातून थेट दुसऱ्या कुत्र्याकडे जातो. म्हणजे एकाची वस्ती जागेत, दुसऱ्याची श्वासात. दोन्हींवर लस आहे. गोची अशी की आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लात असेपर्यंत ती लसही निष्फळ करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत डोस देतात. 'एक दिला की झालं' असं नाही.

गोचिडांची गंमत वेगळीच. अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकी भिंतीत. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. पुढे प्रत्येक अवस्थेत एकदा रक्त प्यायचं, खाली उतरायचं, कात टाकायची, मग नवा कुत्रा शोधायचा. या प्रवासात ती एर्लिकिया, बबेसिया असले रक्तातले रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेते. म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही, भेगाही बुजवाव्या लागतात. गोचीड बोटांनी चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा.

मेकॅनिकलवाल्यांना हात जोडून विनंती: लूत लागलेल्या कुत्र्यावर वर्कशॉपमधलं जळकं ऑइल ओतू नका. लूत होते ती कातडीत बिळं करणाऱ्या किड्यांमुळे, आणि एकमेकांना चिकटून झोपल्यानं ती पसरते. कुत्रा ते ऑइल चाटतो आणि विषबाधेनं जातो. साधी औषधं मिळतात, डॉक्टरांना विचारा. आणि व्हॉलीबॉल अनवाणी खेळणाऱ्यांनो, कुत्र्यांच्या विष्ठेतून मातीत आलेल्या हूकवर्मच्या अळ्या तळपायातून शिरतात. पायावर खाजणारी नागमोडी लाल रेघ दिसली तर ते गजकर्ण समजू नका.

रेबीजबद्दल मात्र थट्टा नको. तो लाळेतून, चाव्यातून जातो आणि लक्षणं दिसल्यावर इलाज जवळपास नाहीच. चावलं, नुसतं ओरखडलं तरी जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन. पोटात चौदा सुया हा प्रकार आता इतिहासजमा झालाय, त्या भीतीनं लपवू नका. कुत्र्यांमधली साखळी तुटायला साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस लागते. आपल्या आवारात 11 कुत्री आहेत, म्हणजे निदान 8. कान कापलेली चार मोजलीत. नसबंदीच्या वेळी त्यांना ही लस देतात, पण तिचा डोस पुन्हा द्यावा लागतो.

केटी परत व्यायली आहे. यावेळी वॉचमनकाकांनी सायकल स्टँडमागे जागा दिलीये, पोतं नवं, वाडगं नवं. बॉयलरकडून येताना त्या बाजूला फिरकू नका, हात लावायचाच असेल तर चपला बाहेर काढा. पहिला डोस नेमका सबमिशनच्या आठवड्यात येतोय. तीन पिल्लं, दोन खोकी, स्कूटरवाला एकच आहे. अजून एक हवाय.