ऐकायला शिकताना

सल्ला देणं हे समुपदेशकाचं काम, असं आपण बहुतेक जण धरून चालतो. त्यानं ऐकायचं, कारण शोधायचं आणि ‘तू असं कर’ म्हणून सांगायचं. कार्ल रॉजर्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञही सुरुवातीला असंच काम करत. १९२८पासून बारा वर्षं ते रॉचेस्टर शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करत होते. तिथे एका वांड मुलाची आई त्यांच्याकडे येई. आई मुलाला झिडकारते, हेच त्याच्या वागण्याचं मूळ, असं रॉजर्स यांचं निदान होतं. ते तिला पटवण्याचा त्यांनी बराच प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. शेवटी दोघांनी थांबायचं ठरवलं. ती दारापर्यंत गेली, वळली आणि मोठ्या माणसांनाही तुम्ही मदत करता का, असं तिनं विचारलं. मग ती परत येऊन बसली आणि स्वतःच्या संसाराबद्दल बोलू लागली. आधी टिपून घेतलेल्या माहितीशी या बोलण्याचा फारसा मेळ नव्हता. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

अशा अनुभवांतून व्यक्तिकेंद्री समुपदेशनाची कल्पना आकाराला आली. कुठे दुखतंय हे त्या माणसालाच अधिक ठाऊक असतं, त्याला ते शोधता येईल असं वातावरण समुपदेशकानं द्यायचं. १९५७ सालच्या एका लेखात रॉजर्स यांनी या वातावरणाच्या अटी मांडल्या. त्यांतल्या तीन समुपदेशकानं पाळायच्या: मुखवटा न चढवता भेटणं, समोरच्याला विनाअट स्वीकारणं, आणि त्याच्या जागी उभं राहून त्याचं जग पाहणं.

हे ऐकायला गोड वाटतं. आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना अशा गोड शब्दांची जरा धास्तीच वाटते. पण रॉजर्स यांचं वेगळेपण असं, की त्यांनी आपली खोली तपासणीसाठी उघडली. १९४०नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भेटींचं ध्वनिमुद्रण सुरू केलं. तेव्हा तबकड्यांवर आवाज कोरावा लागे आणि तबकडी दर काही मिनिटांनी बदलावी लागे. १९४२च्या पुस्तकात त्यांनी एका माणसाच्या आठही भेटींतलं संभाषण शब्दशः छापलं. तोवर आत काय घडलं हे समुपदेशकाच्या आठवणीवरच विसंबून होतं. इलायस पोर्टर या विद्यार्थ्यानं तर सरळ शब्द मोजले. समोरच्याच्या दर शब्दामागे समुपदेशकाचे किती शब्द, हे गुणोत्तर मार्ग दाखवणाऱ्या समुपदेशकांच्या गटात दुसऱ्या गटाच्या सुमारे सहापट निघालं!

प्रशिक्षणार्थीचं शिक्षण आजही बरंचसं असंच होतं. समोरच्याची परवानगी घेऊन भेट मुद्रित करायची आणि मार्गदर्शकाबरोबर बसून ती ऐकायची. आपण मध्येच कुठे बोललो, शांतता सोसवेना म्हणून कुठे प्रश्न विचारला, हे आपल्याच आवाजात ऐकू येतं. आणि नुसते शब्द परतवणं म्हणजे ऐकणं नव्हे. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संगणक-प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत करी. त्याला काहीही कळत नसूनही माणसं त्याच्यापाशी मन मोकळं करू लागली, तेव्हा वायझेनबाउम स्वतःच अस्वस्थ झाले.

ज्यांना शब्दच सापडत नाहीत, त्यांचं काय? रॉजर्स यांच्या सहकारी व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी हीच पद्धत मुलांच्या खेळात आणली; त्यांचं त्यावरचं पुस्तक १९४७चं. पुढे रॉजर्स यांची मुलगी नॅटली यांनी चित्र, माती, हालचाल, संगीत यांचा वापर केला. इथे प्रशिक्षणार्थीची खरी कसोटी लागते. समजा, मुलानं बिनदाराचं काळं घर काढलं. ‘तुला कोंडल्यासारखं वाटतं का?’ हे वाक्य अगदी ओठांवर येतं. त्याऐवजी ‘या चित्राबद्दल काही सांगावंसं वाटतं?’ एवढंच विचारायचं. कदाचित काळा खडू तेवढाच शिल्लक असेल. कदाचित दार मागच्या बाजूला असेल. आणि कदाचित खरंच कोंडमारा असेल. पण तो मुलानं सांगायचा, आपण नाही.

याचा उपयोग होतो का? शिकागो विद्यापीठात रॉजर्स यांच्या गटानं हे तपासलं. निष्कर्ष १९५४ साली पुस्तकरूपानं आले. त्यातल्या एका अभ्यासात २५ जणांना स्वतःबद्दलच्या वाक्यांची १०० कार्डं दिली होती. ती आधी ‘मी असा आहे’ या क्रमानं लावायची, मग ‘मला असं व्हायचंय’ या क्रमानं. दोन्ही मांडण्या तंतोतंत जुळल्या तर सहसंबंध १, काहीच मेळ नसेल तर ०. समुपदेशनापूर्वी सरासरी सहसंबंध उणे ०.०१ होता, नंतर ०.३४ झाला. समुपदेशन न मागणाऱ्या तुलनागटाचा आकडा ०.५८च्या आसपासच राहिला. म्हणजे अंतर कमी झालं, मिटलं नाही. शिवाय कार्डं लावणारा तो माणूसच, हेही लक्षात ठेवायला हवं. पुढे विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात (१९६७) तर एकूण गटाला फारसा फायदा दिसला नाही. तोही अहवाल याच गटानं छापला.

शिक्षक समुपदेशक नसतो. मुलाला कुणी इजा करत असेल किंवा ते जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल, तर नुसतं ऐकून थांबता येत नाही. त्याच दिवशी जाणकाराची मदत घ्यायलाच हवी. पण पोर्टर यांची मोजणी कुणालाही करता येईल. दोन शिक्षकांनी आपसात दहा मिनिटं बोलावं, एकानं अडचण सांगावी, दुसऱ्यानं ऐकावं, आणि संभाषण मोबाइलवर मुद्रित करावं. नंतर दोघांचे शब्द वेगवेगळे मोजावेत. ऐकणाऱ्याच्या वाक्यांत प्रश्न किती, सल्ले किती आणि ‘माझंही असंच झालं होतं’ किती, हेही वेगळं लिहावं.