हिऱ्याची पावती

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या आठवड्यात आमच्या एक सहकारी बाई शिक्षकखोलीत एक जुनी पावती घेऊन आल्या. मुलीचे लग्न ठरले होते. बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली हिऱ्यांची अंगठी मोडायची आणि त्यात भर घालून मुलीसाठी नवी घ्यायची, असा बेत होता. दोन पेढ्यांवर विचारून झाले होते. सोन्याचे पैसे दोन्हीकडे चोख हिशेबाने सांगितले. हिऱ्यांचे मात्र एकाने मूळ किमतीच्या पाव हिश्शाइतके धरले, दुसऱ्याने त्याहूनही कमी. हिरे खरे आहेत, हे दोघांनाही मान्य होते. "खरे आहेत, तर मग किंमत गेली कुठे?" हा बाईंचा प्रश्न.

पावतीवर हिऱ्यांविषयी एकच ओळ होती : 'हिरे ०.४८ कॅरट'. त्या ओळीत काय काय नव्हते, ते पाहू. त्यातला बराचसा भाग आपण नववी-दहावीच्या वर्गात शिकवतच असतो.

आधी 'कॅरट' या शब्दाचा घोळ निस्तरू. त्याच पावतीवर अंगठी '१८ कॅरट' असेही लिहिले होते. सोन्याचा कॅरट हे शुद्धतेचे माप आहे. २४ भागांपैकी १८ भाग सोने, म्हणजे ७५ टक्के. हिऱ्याचा कॅरट हे वजनाचे माप आहे. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे बाजारातला 'सेंट'. दोन्ही शब्दांचे मूळ भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब झाडाच्या बियांत आहे, पण आज त्यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही. अंगठीच्या आतल्या बाजूचा हॉलमार्कही फक्त सोन्याची ग्वाही देतो. हिऱ्याबद्दल तो काहीही सांगत नाही. बाईंची समजूत इतकी वर्षे उलटी होती, आणि तशी समजूत असणाऱ्या त्या एकट्या नसाव्यात.

मग आम्ही भिंग घेऊन खडे मोजले. चोवीस भरले. ०.४८ भागिले २४, म्हणजे प्रत्येक खडा दोन सेंटचा. निम्मे उत्तर इथेच मिळाले. मोठे, निर्दोष स्फटिक निसर्गात विरळ असतात, त्यामुळे हिऱ्याचा दर कॅरटमागचा भावच आकाराबरोबर चढत जातो. ४८ सेंटचा एक खडा आणि दोन सेंटचे चोवीस खडे तराजूवर सारखे, पण बाजारात त्यांची बरोबरी होत नाही. मोडताना तर बारीक खड्यांना फारच थोडी किंमत येते. पावतीवर एकूण वजन लिहिले होते, ते खोटे नव्हते. फक्त त्यावरून काही कळत नव्हते.

बसवलेल्या गोल खड्याचे वजन शाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरने अंदाजता येते. व्यास आणि उंची मिलिमीटरमध्ये मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले ०.००६१, हे झाले कॅरटमधले वजन. व्यास ६.४ आणि उंची ४.० असेल तर उत्तर जवळजवळ बरोबर १ येते. हे सूत्र ठरावीक प्रमाणात पैलू पाडलेल्या गोल हिऱ्यापुरते आहे, आणि उंची मोजायला कोंदण मागून उघडे हवे. आणखी एक गणित मुलांना घालण्याजोगे आहे. वजन दुप्पट केले तर व्यास किती वाढेल? दोनाच्या घनमुळाइतका, म्हणजे १.२६ पट. दुप्पट वजनाला दुपटीहून जास्त पैसे मोजायचे आणि वरून दिसायला खडा फक्त सव्वापट रुंद, हे आधी माहीत असलेले बरे.

वजनानंतर बाजारात रंग, नितळपणा आणि पैलूकाम या तीन गोष्टी पाहतात. वजन धरून हे चार निकष झाले. अमेरिकेतील जीआयए या संस्थेच्या प्रतवारीमुळे ते जगभर रूढ झाले. दुकानात बहुधा रंगाने सुरुवात होते. मी पैलूकामापासून करतो, कारण हिरा चमकतो तो त्यामुळे.

हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, साध्या काचेचा सुमारे १.५. त्यावरून क्रांतिक कोन काढला, तर हिऱ्याचा २४.४ अंश येतो आणि काचेचा ४१.८ अंश. म्हणजे हिऱ्याच्या आत शिरलेला किरण पृष्ठभागावर २४.४ अंशांहून मोठ्या कोनात आदळला, की पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन आतच परततो. बाहेर पडायला त्याला फार अरुंद वाट उरते. पैलू पाडणाऱ्याचे कसब म्हणजे ही वाट हिऱ्याच्या वरच्या बाजूला, पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे ठेवणे.

हे कागदावर करून पाहता येते. हिऱ्याचा उभा छेद काढा. वर सपाट माथा, खाली इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उतरत्या दोन बाजू. या बाजू आडव्या पातळीशी ४०.७५ अंशांचा कोन करतात असे धरा. मार्सेल टोल्कोव्स्की या हिरेकामगारांच्या घराण्यातील अभियंत्याने १९१९ साली गणिताने काढलेला हा कोन आहे. आता माथ्यातून सरळ खाली किरण सोडा. पहिल्या बाजूवर तो ४०.७५ अंशांनी आदळतो, म्हणजे परावर्तित होतो. समोरच्या बाजूवर सुमारे ५८ अंशांनी आदळतो आणि पुन्हा परावर्तित होतो. मग तो माथ्याकडे वळतो आणि तिथे १७ अंशांनी पोचतो. १७ हे २४.४ पेक्षा कमी, म्हणून किरण बाहेर पडतो. बाहेर पडताना अपस्करण होऊन रंग वेगळे होतात. काचेचा खडा अगदी याच आकारात घडवला, तर ४०.७५ हा कोन ४१.८ पेक्षा कमी पडतो, आणि पहिल्याच भेटीत बराच प्रकाश तळातून निसटतो. काचेचा खडा निस्तेज का, याचे उत्तर या एका अंशात आहे.

उतार बदलून पाहायला मुलांना सांगा. उतार 'अ' अंश असेल, तर दुसऱ्या बाजूवरचा कोन १८० वजा ३अ आणि माथ्यावरचा १८० वजा ४अ येतो. तळ फार खोल, म्हणजे ५३ अंश केला, तर दुसऱ्या बाजूवर फक्त २१ अंश येतात आणि प्रकाश खालून गळतो. तळ उथळ, म्हणजे ३५ अंश केला, तर माथ्यावर ४० अंश येतात आणि किरण बाहेर न पडता पुन्हा आत वळतो. खऱ्या हिऱ्यात किरण सर्व दिशांनी येतात आणि पैलू सत्तावन्न-अठ्ठावन्न असतात, तेव्हा चित्र इतके सुटसुटीत राहत नाही. पण दोन-चार अंशांचा फरक किती महाग पडतो, ते यावरून कळते.

मग सगळेच हिरे योग्य कोनांत का घडवत नाहीत? कारण घडवताना वजन जाते, आणि किंमत वजनावर. तळ थोडा खोल ठेवला, कडेचा पट्टा जाड ठेवला, की ९० सेंटच्या जागी १ कॅरट भरतो. वजन खड्याच्या पोटात राहते, डोळ्यांना मिळत नाही. एका कॅरटच्या गोल हिऱ्याचा व्यास साडेसहा मिलिमीटरच्या आसपास हवा. तो सहाच भरला, तर पैसे कशाचे घेतले जात आहेत हे विचारावे.

या ओढाताणीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोहिनूरचे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात तो मांडला, तेव्हा पाहणाऱ्यांचा विरस झाला. भारतीय पद्धतीने, वजन राखून घडवलेला तो खडा त्यांना अपेक्षेइतका चमकताना दिसेना. १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले गेले. आजच्या मापात त्याचे वजन सुमारे १९१ कॅरटवरून १०५.६ वर आले. चाळीस टक्क्यांहून अधिक हिरा चमकेसाठी घासून टाकला! आपल्या जुन्या कारागिरांना चमक कळत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. चपट्या हिऱ्यांमागे चकचकीत पत्रा घालून कोंदण बंद करण्याची रीत म्हणजे खाली निसटणारा प्रकाश परत वर पाठवण्याचीच युक्ती होती.

बाईंच्या अंगठीकडे वळू. खडे मंद दिसत होते, त्याचे एक कारण फुकटात दूर होण्यासारखे होते. हिऱ्याला तेल पटकन चिकटते. खाणीतसुद्धा खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस फासलेले तक्ते वापरत. तळाला हवेऐवजी तेलाचा थर असेल, तर क्रांतिक कोन २४.४ वरून सुमारे ३७.५ अंशांवर चढतो. सरळ आलेला किरण कसाबसा वाचतो, तिरके निसटतात. कोमट पाण्यात भांड्याचे साबण घालून मऊ ब्रशने अंगठी मागच्या बाजूने घासली. फरक शिपायापासून सर्वांना दिसला.

रंग आणि नितळपणा यांच्यावर मी इतके लिहिणार नाही. रंगाची प्रत 'डी' या इंग्रजी अक्षरापासून सुरू होऊन 'झेड'पर्यंत जाते. 'डी' म्हणजे पूर्ण रंगहीन, पुढे पिवळसरपणा वाढत जातो. बहुतेक वेळा तो कार्बनच्या जागी शिरलेल्या नायट्रोजनच्या अणूंमुळे येतो. नितळपणा दहापट भिंगाखाली ठरवतात. मधल्या प्रतींतले दोष बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि शेजारशेजारच्या दोन अक्षरांतला रंगभेद पिवळ्या सोन्यात बसवलेल्या खड्यात ओळखणे तज्ज्ञालाही अवघड. इथे आपण सौंदर्यापेक्षा दुर्मिळतेचे पैसे देतो. द्यायला हरकत नाही, पण जाणून द्यावेत. हात आखडता घ्यायचाच असेल, तर तो या दोन निकषांत घ्यावा, पैलूकामात नव्हे.

आता या दुर्मिळतेलाच धक्का बसला आहे. प्रयोगशाळेत हिरा बनवण्याची खात्रीची रीत १९५४ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत सापडली. आज प्रचंड दाब आणि तापमान वापरून, किंवा मिथेनसारख्या वायूतील कार्बन थरावर थर चढवून, दागिन्यांच्या प्रतीचे हिरे बनतात. सुरतेत हा मोठा उद्योग झाला आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याच्या संशोधनासाठी तरतूदही झाली. हे हिरे नकली नव्हेत. तोच कार्बन, तीच रचना, तोच अपवर्तनांक. सराफाकडची उष्णतावहन तपासणारी लेखणी झिरकॉनचा नकली खडा पकडते, पण खाणीतला आणि प्रयोगशाळेतला हिरा तिला सारखाच, आणि मॉयसॅनाइट या वेगळ्याच पदार्थालाही ती फसू शकते. खात्री करायला प्रयोगशाळेतली उपकरणेच लागतात. भाव मात्र फार वेगळे आहेत. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे दर गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरले, आणि मोडताना त्यांना नगण्य किंमत येते. २०२५ मध्ये जीआयएने त्यांना खाणीतल्या हिऱ्यांसारखी अक्षरे देणे थांबवून दोनच ढोबळ प्रती ठेवल्या. घालायला घ्यायचा असेल तर तो उत्तम हिरा आहे. अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून घ्यायचा असेल, तर नव्हे.

मधल्या सुट्टीत आम्ही बाईंसाठी एका कागदावर पावतीचा नमुना तयार केला. सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्यांचे वजा करून. मुख्य खड्याचे वजन वेगळे, बारीक खड्यांची संख्या आणि वजन वेगळे. मुख्य खड्याचा रंग, नितळपणा, पैलूकाम. खाणीतला की प्रयोगशाळेतला. प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि तोच क्रमांक खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असेल तर तो भिंगातून दाखवणे. मोडताना हिऱ्याचे काय धरणार, ते लेखी.

शनिवारी बाई तो कागद घेऊन पेढीवर गेल्या. सोमवारी परत आल्या तेव्हा कागद जवळजवळ भरलेला होता. पैलूकामापुढची जागा आणि शेवटची ओळ तेवढी कोरी होती. अंगठी त्यांनी अजून मोडलेली नाही.