नव्या घराची बाग व तिचें पाणी

नवें घर बांधून झालें कीं मनुष्य आधीं रोपें आणतो, पाण्याचा विचार मागाहून करतो. आम्हींही तेंच केलें, व अंगणांत नुकतीच बसविलेली फरशी उखडावी लागली. जेथून पाण्याची नळी जावयाची, तेथें फरशीपूर्वींच एक रुंद पाईप पुरून ठेवावा.

त्याच्याही आधीं पाणी मोजावें. २० लिटरची बादली नळाखालीं धरून घड्याळ पाहावें. ती एका मिनिटांत भरली, तर तासाला १२०० लिटर पाणी मिळेल. ताशीं ४ लिटर सोडणारे ३०० ड्रिपर हिशेबानें त्यावर चालतील. परंतु आम्ही २०० वरच थांबूं, कारण नळाचा जोर सकाळीं एक तर सायंकाळीं दुसराच! पाणी गच्चीवरील टाकीचें घ्यावयाचें असल्यास दाब उंचीवर ठरतो : १० मीटर उंचीस दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलोग्रॅम. एकमजली घराच्या टाकीवर तुषार उडणार नाहींत. ठिबक मात्र संथपणें चालेल.

हिरवळीची व आंब्याची तहान निराळी, म्हणून त्यांच्या तोट्याही निराळ्या ठेवाव्या. आंबा वाढेल तसें त्याचें आळें खोडापासून दूर न्यावें. पाणी शोषणारीं बारीक मुळें फांद्यांच्या घेराखालीं व त्याबाहेरही पसरलेलीं असतात. बुंध्याशीं सदा ओल राहिली तर साल कुजते. आमचें पहिलें कलम असेंच गेलें.