पिलांवरील ठसा आणि मुलांचा अनुबंध

प्रस्तावना : पांढुर्णा व सौंसर परिसरातील शिक्षकांना खुडूक कोंबडी नवी नाही. अंड्यांवर बसवल्यापासून साधारण एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात आणि लवकरच तिच्या मागे धावू लागतात. तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली, तर बदकाची पिलेही तिलाच आई मानतात. म्हणजे आईची ओळख पिलाला बरीचशी जन्मानंतर होते. या शिक्षणाला इम्प्रिंटिंग किंवा ठसा उमटणे म्हणतात.

संशोधन : डग्लस स्पॉल्डिंग यांनी १८७३ मध्ये ही बाब नोंदवली. कोनराड लॉरेंझ यांनी १९३५ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले. अंड्यातून निघताच त्यांना पाहणारी हंसाची पिले त्यांच्याच मागे चालत. एकहार्ड हेस यांच्या प्रयोगांत बदकाच्या पिलांवर हा ठसा १३ ते १६ तासांच्या वयात सर्वांत पक्का उमटला. त्यासाठी पिलाला खाऊ घालावे लागले नाही.

मानवी अनुबंध : यातून जॉन बोल्बी यांना दिशा मिळाली. मूल केवळ दुधासाठी नव्हे, तर सुरक्षिततेसाठी आईला बिलगते, असे त्यांनी १९६९ च्या ग्रंथात मांडले. परंतु येथे साम्याची मर्यादा ओळखावी. मुलाचा अनुबंध काही तासांत नव्हे, तर अनेक महिन्यांत घडतो. शॅफर व इमर्सन यांनी १९६४ मध्ये ग्लासगोतील ६० बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दीड वर्षाच्या बहुतेक मुलांचा अनुबंध एकाहून अधिक व्यक्तींशी आढळला. आजी, वडील, मोठी बहीण यांनाही त्यात स्थान असते.

शिक्षकांसाठी : आई कामानिमित्त दूर आणि मूल आजीकडे वाढले, एवढ्यावरून ते ‘बिघडलेले’ ठरवणे शास्त्राला धरून नाही. दीर्घ उपेक्षेचे परिणाम मात्र खरे असतात. रोमानियातील अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक आलेल्या मुलांपैकी सहा महिन्यांच्या आत सुटलेली बहुतेक सावरली. अधिक काळ तेथे राहिलेल्या अनेकांच्या अडचणी टिकल्या, तरी त्यांतीलही काही निरोगी प्रौढ झाले.

निष्कर्ष : पिलाची वेळ टळली की ठसा उमटणे अवघड होते, मुलाचे दार इतक्या लवकर बंद होत नाही. वर्गात मागे बसणाऱ्या, अबोल विद्यार्थ्याला रोज नावाने हाक मारणारा एक शिक्षक आईची जागा घेत नाही. पण भरवशाचे माणूस असू शकते, हा अनुभव तो देऊ शकतो.